कोण जाणे नावाचा डोंगर

रूथबाई, काल दुपारी तुम्हाला मातीआड केलं, घरी आले, अंगावर पाणी घेतलं आणि पोटभर जेवले. भाकरी, शेंगाची चटणी, वर वाटीभर ताक. सासूबाई बघतच राहिल्या. "गौरव्वा, बाईंना पोचवून आलीस न्हवं? आन् घास कसा उतरतोय गं तुला?" उतरत होता खरा. सगळी थंडी तुमच्या खाटेपाशी बसून घरी आले की घास नुसता तोंडात फिरायचा. तुमची ती धाप कानात असायची. काल कानात काही नव्हतं. मला हायसं वाटतंय, बाई. रडू येत नाही असं नाही, काल भाकरी थापतानाच आलं. पण रडून झाल्यावर खाली जे उरतं ते हायसंच आहे, आणि ते तुमच्यापासून लपवून काय करू? तुम्ही माझं तोंड बघूनच ओळखायचात.

तुम्हीच म्हणाला होतात, "गौरे, तुमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात ना? मला चुकूनही त्यांच्या हाती देऊ नकोस. आयुष्यभर फळ्यापुढे उभी राहिले, आता बसणंबिसणं नको, सरळ निजवा." निजवलं, बाई. पाय चांगले लांब करून. तुमच्या उंचीची पेटी सुताराकडे तयार नव्हती, नवी करून घ्यावी लागली. त्याने माप ऐकून दोनदा विचारलं, "बाईमाणूसच हाय न्हवं?" तुम्ही असतात तर हसता हसता खोकला लागला असता.

तुमची धाप थांबली म्हणून हायसं वाटलं, ते तर कोणालाही वाटेल. पण खरं कारण दुसरं आहे. आपलं एक भांडण होतं, इतकी वर्षं चाललेलं, आणि ते तुम्ही जायच्या आधी मिटलं. मिटलं नसतं तर मी काल जेवले नसते, हे नक्की.

मी मिशनच्या शाळेत शिकवायला लागले त्या दिवशी तुम्ही फाटकातच भेटलात. उंच, काळ्याभोर, बारीक कुरळ्या केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर पांढरं पातळ. मी पडले अक्कलकोटकडची, मनात आलं की तोंडात आलं. विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?" "नाशिकची." "तसं न्हवं, मूळच्या?" "मूळचीही नाशिकचीच. का, माझं मराठी वाईट लागतंय?" वाईट कुठलं, माझ्याहून चोख होतं. शाळेबाहेरची पोरं तुम्हाला बघून 'हबशीनबाई, हबशीनबाई' ओरडायची, तेव्हा तुम्ही थांबायचात, त्यातल्या एकाला जवळ घ्यायचात आणि सांगायचात, "हबशीन नव्हे, हबशीण. ण. जीभ वर वळव. हां, आता म्हण." पोर शहाण्यासारखं म्हणायचं आणि पळून जायचं. मला तुमच्याऐवजी राग यायचा. तुम्ही म्हणायचात, राग तू कर, मला व्याकरण बघू दे.

भूगोल तुम्ही शिकवायचात तसा मी कुठे पाहिला नाही. शाळेला एकच मोठा नकाशा, तोही इंग्रजी, शाळा चालवणाऱ्या मडमच्या खोलीत टांगलेला. मुलींना तो लांबून दाखवायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. तुम्ही म्हणालात, या मुलींना रांगोळी येते की नाही? मग झालं. ओसरीच्या शहाबादी फरशीवर तुम्ही आफ्रिका काढायचात, दारात गोपद्म काढावं इतक्या सहज. कडा पांढऱ्या रांगोळीच्या, सरोवरांना निळीचं पाणी, गावं म्हणजे ज्वारीचे दाणे, डोंगर म्हणजे सरकीचे ढीग. मुली भोवती बसायच्या आणि शिकता शिकता आत सरकत सरकत पार वाळवंटात येऊन बसायच्या. "नकाशावर पाय पडला तर चालेल, नाव चुकलं तर चालणार नाही," हा तुमचा नियम होता.

आणि काळे तीळ. गोरा साहेब ज्या वाटेने गेला असं पुस्तकात असेल, त्या वाटेवर तुम्ही काळ्या तिळांची ओळ लावायचात. साहेबासाठी तांदळाचा एकच दाणा, तो बऱ्याचदा मागे कुठेतरी असायचा. "साहेब आजारी पडायचे, झोळीतून न्यावे लागायचे," तुम्ही सांगायचात. "वाट विचारणारे हे, पाणी शोधणारे हे, नदीला उतार कुठे ते पाहणारे हे, राजाशी बोलून पुढे जायची परवानगी काढणारे हे. एक साहेब तिकडेच वारला, तर त्याचा देह समुद्रापर्यंत इतक्या लांब चालत आणणारेही हेच, आणि त्यातला एकजण आपल्या नाशिकला शिकलेला होता." एकदा तर नकाशाच्या बाहेर, पार ओसरीच्या टोकाला जाऊन एक तीळ ठेवून आलात. मुली म्हणाल्या, बाई, तिकडं कोण? तुम्ही म्हणालात, तिकडे उत्तर ध्रुव आहे. तिथे जाणाऱ्या गोऱ्याबरोबर अमेरिकेतला एक काळा माणूस होता. कुत्र्यांच्या गाड्या तोच हाकायचा, बर्फातल्या लोकांशी त्यांच्या भाषेत तोच बोलायचा. नाव मात्र गोऱ्याचं झालं. मुलींनी त्या एकट्या तिळाकडे बराच वेळ बघितलं. त्यांना थंडी वाजत असावी असं मला वाटलं, आणि तेव्हा सोलापुरात वैशाख होता.

विणकराची नरसू आठवते? तास चालू असताना तीळ एकेक करून उचलून तोंडात टाकत होती. शेजारची किंचाळली, "बाई! नरसूनं साहेबाची समदी माणसं खाल्ली की!" तुम्ही गंभीर तोंडाने विचारलंत, "आणि साहेब?" नरसू म्हणाली, "त्यो कच्चा तांदूळ हाय बाई, दाताला लागतुय." तो तास तिथेच संपला. तुम्ही खांबाला धरून हसत होता.

त्या वाटेवर, मोठ्या सरोवराच्या अलीकडे, सरकीचा एक छोटा ढीग असायचा. सगळं भांडण त्या ढिगाचं. पुस्तकात त्याचं नाव होतं कोंजेन डोंगर. साहेबाने रानटी हमालांच्या मदतीने हा डोंगर चढून सरोवर शोधून काढलं, अशा अर्थाचं एक वाक्य होतं आणि ते मुलींनी पाठ करायचं होतं. तुम्ही ते वाक्य कधी पाठ करून घेतलं नाही. तुम्ही सांगायचात, या डोंगरावर सगळ्यांच्या आधी दानियल नावाचा माणूस चढला, आणि तो माझा बाप.

दानियलबाबा त्याच मुलखातले. लहानपणी कोणी पकडून विकलं, गलबतात घातलं. सरकारी जहाजाने ते गलबत अडवलं, पोरांना सोडवून मुंबईला उतरवलं आणि तिथून गोदाकाठी मिशनच्या आश्रमात धाडलं. आईबापाने ठेवलेलं नाव त्यांना आठवत नव्हतं, दानियल हे नाशिकचं. तिथे ते लोहारकाम शिकले, मराठी शिकले, मराठीतच भांडायला आणि मराठीतच स्वप्नं बघायला लागले. मग आफ्रिकेत जाणारा एक साहेब माणसं निवडायला आला. काळी कातडी, साहेबाची भाषा कळते, हत्यार दुरुस्त करता येतं, आणखी काय पाहिजे? बाबा निघाले. घरी चाललो, असं म्हणून निघाले, हे तुम्ही नेहमी सांगायचात.

त्या डोंगरावर बाबा पुढे होते. माथ्यावर पोचले तर समोर सगळं पाणीच पाणी. मागून साहेब धापा टाकत आला, पाणी बघून टोपी काढली, मग विचारलं, दानियल, या डोंगराला काय म्हणतात? बाबा पाण्याकडे बघत होते. तोंडातून निघून गेलं, "कोण जाणे." साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. इंग्रजीत ते कोंजाने झालं, आणि पुढे आपल्या मराठी पुस्तक लिहिणाऱ्याने इंग्रजीवरून उतरवताना त्याचं कोंजेन केलं. म्हणजे मराठी शब्द आफ्रिका फिरून मराठीत परत आला, आणि घरच्यांनीच त्याला ओळखलं नाही!

तुम्ही हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी हसून हसून लोटपोट झाले. मग डोळे पुसले आणि विचारलं, "कशावरून?"

तुमचा चेहरा पडला. पण मी तरी काय करू, बाई? आमच्या घरी भुसाराचं दुकान. पायलीभर ज्वारी घेतानाही मूठभर हातावर घेऊन बघायची सवय. मी म्हणाले, नावं अशी जुळतातच. तिकडच्या भाषेत कोंजाने असा खरंच शब्द असला तर? बाबांनी नंतर जुळवून सांगितलं असलं तर? घरात सांगायला गोष्ट छान आहे, पण शाळेत शिकवायची तर पुरावा पाहिजे. त्या दिवसापासून तुम्ही मला कशावरूनबाई म्हणायला लागलात. डबा खाताना, फळा पुसताना, प्रार्थनेला जाताना आपण त्यावर भांडलो. तुम्ही म्हणायचात, साहेबाने सांगितलं ते पुस्तकात गेलं, त्याला कोणी विचारलं का कशावरून? मी म्हणायचे, त्यालाही विचारायला पाहिजे होतं, म्हणून काय तुम्हाला विचारायचं नाही? हे मी आजही म्हणते. पुरावा मागितला यात माझं काही चुकलं नाही.

मग दिपोटी आले, शाळा तपासायला. त्यांनी मुलींना विचारलं, सरोवराचा शोध कोणी लावला? नरसूच उठली. "दानियलबाबानं! आमच्या रूथबाईंच्या बानं!" दिपोटींना वाटलं पोरगी थट्टा करते. त्यांनी दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सगळ्या वर्गाने दानियलबाबाचं नाव घेतलं. पुस्तकातलं वाक्य एकीलाही येईना. त्या संध्याकाळी मडमने तुम्हाला बोलावलं आणि दुसऱ्या दिवसापासून भूगोल माझ्याकडे आला, तुमच्याकडे शिवण.

मी तो तास घेतला. मी नसता घेतला तर दुसऱ्या कोणी घेतला असता, आणि तिने रांगोळी पुसून टाकली असती. मी रांगोळी ठेवली, तीळही ठेवले. फक्त डोंगराजवळ पुस्तकातलं नाव लिहिलं, कोंजेन, आणि दानियलबाबांचं नाव घेतलं नाही.  पुढच्या परीक्षेला मुलींनी शिवणाचे रुमाल मांडले, तर प्रत्येक रुमालावर धावदोऱ्याने काढलेली आफ्रिका! मडम म्हणाली, काय सुंदर पान काढलंय, कसलं आहे हे? तुम्ही म्हणालात, "पिंपळाचं, मॅडम." त्या पिंपळाच्या पानावर एकेक काळी गाठ मारलेली होती, बरोबर डोंगराच्या जागी. मी ती पाहिली आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सुईत दोरा ओवत होता.

यंदा थंडीत तुमचा दमा वाढला. शाळेमागच्या खोलीत खाट टाकली, मडमने डॉक्टर आणला, तो मान हलवून गेला. मी तास संपला की तुमच्याकडे येऊन बसायची. भूगोलाचा विषय आपण काढत नव्हतो. तेच मला फार जड व्हायचं. भांडणारी रूथबाई बरी, गप्प पडून छताकडे बघणारी नको, असं मी देवाला सांगायची, माझ्याही आणि तुमच्याही.

मग एके दिवशी ओसरीवर आफ्रिका काढलेली होती. हुसेनमिस्त्री नातीला न्यायला आला. विजापूर वेशीतला हा माणूस तुम्हाला ऐकून माहीत होता, आफ्रिकेत रेल्वेवर कामाला राहून आलेला, सगळ्या पेठेत थापाड्या म्हणून प्रसिद्ध. सिंहाच्या शेपटीला दोर बांधला वगैरे सांगणारा. तो रांगोळीपाशी थबकला. नातीला म्हणाला, "अगे, ये तो आफ्रिका है! इदर समंदर, इदर दारेसलाम. इदर सब मेरी लाइन." मी मनात म्हटलं, झालं, आता सिंह येणार. तेवढ्यात त्याने सरकीच्या ढिगाकडे बोट केलं. "ये क्या लिखे?" नातीने वाचलं, "कोंजेन."

"कोंजेन नहीं गे, कोंजाने! कोंजाने! टेसन के बोर्ड पे हैच की अंग्रेजी में."

बाई, त्या माणसाला तुमच्या बाबांची काही माहिती नाही, तुमची नाही, आपल्या भांडणाची नाही. आणि तो माझ्यासमोर उभा राहून स्वच्छ मराठी बोलत होता, आपण मराठी बोलतोय हे त्याला ठाऊकही नव्हतं. मी विचारलं, मिस्त्री, हा शब्द तिकडच्या लोकांचा ना? तो हसला. "नहीं बाई. उनो हसते ना उसपे. कोंजाने बोले तो क्या, उनकू मालूम नहीं. बोलते, साहब लोगां का अंग्रेजी नाम होइंगा." म्हणजे साहेबांना वाटतं शब्द तिकडच्यांचा, तिकडच्यांना वाटतं साहेबांचा. धनी कोणीच नाही. मी त्याच्या हाताला धरलं, परक्या पुरुषाच्या, भर ओसरीवर, आणि ओढतच तुमच्या खोलीत आणलं.

तुम्ही उशाला टेकून बसलात. मी त्याला म्हणाले, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. तुम्ही कान देऊन ऐकलंत. मग विचारलंत, "मिस्त्री, मग तिथली माणसं त्या डोंगराला काय म्हणतात?"

"उनो? उनो बोलते किलिमा चा म्वुआ. किलिमा बोले तो डोंगर, म्वुआ बोले तो पाऊस. उदर ढगां अटकते ना, पैला पानी उदरच पडता."

"मधलं काय म्हणालात? किलिमा... काय?"

"चा. किलिमा चा म्वुआ. अपना चा नहीं क्या? पावसाचा डोंगर. उनके में बी चा हैच."

तुम्ही टाळी वाजवलीत. इतक्या महिन्यांत तुमच्या हातात पेला धरायची ताकद नव्हती आणि तुम्ही टाळी वाजवलीत. "गौरे, ऐकलंस? त्यांच्याकडेही चा! पावसाचा, डोंगराचा, बापाचा!" हसलात, मग खोकलात, मग मी पाणी दिलं, मग पुन्हा हसलात. मिस्त्रीला काही कळलं नाही, पण आपल्या बोलण्याने कोणी इतकं खूश होतंय हे बघून तो सिंहाकडे वळला. तुम्ही सिंहाची सगळी गोष्ट ऐकून घेतलीत, शेपटीच्या दोरासकट. नाव सांगितलं त्याची परतफेड म्हणून ऐकलीत असं मला वाटतं.

तो गेल्यावर तुम्ही जे सांगितलंत त्याची मला कल्पना नव्हती. म्हणालात, "गौरे, तू कशावरून विचारायचीस तेव्हा मला राग यायचा तो तुझा नव्हे. मलाच खात्री नव्हती. माझा बाप मोठा थापाड्या होता गं. वाघाशी कुस्ती, मगरीच्या पाठीवर बसून नदी पार, काय काय सांगायचा. त्यात हेही. मी वर्गात छातीठोक सांगायची आणि रात्री वाटायचं, बापाच्या थापेवर मुलींना शिकवतेय का मी?"

पुढे म्हणालात, "बाबा ही गोष्ट नेहमी हसून सांगायचे. म्हातारपणी एकदाच हसले नाहीत. म्हणाले, रूथ, साहेबाने विचारलं तेव्हा मला त्या डोंगराचं नाव यायला पाहिजे होतं. मी तिथलाच ना? माझ्या आईने ते कधीतरी घेतलं असेल. मी डोकं खाजवलं, आत काही सापडेना. जे सापडलं ते नाशिकचं."

मी तुमचे पाय दाबत होते.  इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला हसले ती हसण्याची नव्हतीच, किंवा होती आणि शिवाय ही दुसरीही होती. दोन्ही असतं, बाई. आता कळतंय.

त्यानंतरचे दिवस तुम्हाला धाप होती, पण तुम्ही छताकडे बघत नव्हता. मला म्हणालात, आता नकाशा सुधार. मी म्हणाले, सुधारलाच, कोंजेन खोडून कोण जाणे लिहिलं, मडमलाही मिस्त्रीची हकिकत सांगितली, ती म्हणाली पुस्तकातलं वाक्य परीक्षेपुरतं असू द्या, बाकी तुम्हाला पटेल ते शिकवा. तुम्ही म्हणालात, "तेही खोड. पावसाचा डोंगर लिही, त्यांच्या भाषेत. बाबांना नाव ठाऊक नव्हतं म्हणून ते पडलं. आता ठाऊक झालंय, आता कशाला?"

मी नाही म्हणाले. मी म्हणाले, "डोंगराचं नाव लिहिते, पण बाबांचंही ठेवते. बाबा तिथं उभे होते हे दुसऱ्या कशातनं कळणार हाय मुलींना?"

"गौरे, चुकीचं नाव आहे ते."

"असू द्या की. चूक त्यांचीच हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय. मी न्हाय खोडणार."

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, बघू. ते भांडण तेवढं राहिलं. त्याचं मला ओझं नाही, उलट बरंच आहे. सगळंच मिटलं असतं तर मी आता तुमच्याशी कशावर बोलले असते? ओसरीवर आज दोन्ही नावं आहेत, एकाखाली एक. पटत नसेल तर नसू दे.

परवा सकाळी गेलात, झोपेतच. चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. काल दफनाला वर्गातल्या सगळ्या मुली आल्या. हुसेनमिस्त्री भिंतीपाशी टोपी नीट करून उभा होता. शेवटी पुढे आला, मूठभर माती घातली आणि तिकडच्या भाषेत म्हणाला, "क्वाहेरी, मामा." नरसूला हसू फुटलं, "बाईंना मामा म्हंतोय बघा त्यो!" तिकडे निरोप घेताना क्वाहेरी म्हणतात आणि आईला मामा, हे मिस्त्रीने मागाहून सांगितलं. पण तोवर सगळ्या मुली पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि मीही. पाद्रीबाबांनी आमच्याकडे पाहिलं. तुम्हाला हे चाललं असतं, म्हणून आम्ही हसू आवरलं नाही.

सगळे पांगल्यावर पाद्रीबाबा मला म्हणाले, क्रूसावर काय लिहायचं ते रंगाऱ्याला आजच सांगायला पाहिजे. नाव, दानियल यांची कन्या, आणि गाव. "नाशिक लिहितो. नाशिकच्या त्या आश्रमातल्या मुलांचं आधीचं गाव कुठेच नोंदलेलं नाही, दानियलचंही नसणार."

मी म्हणाले, "नाशिक लिहाच. त्याखाली लिहा, दानियल, पावसाच्या डोंगराकडचे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दानियलबाबा नेमके त्याच डोंगराकडचे की शंभर कोस पलीकडचे, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. पाद्रीबाबांनी विचारलं, "गौरव्वाबाई, याला काही दाखला आहे का?"

मी म्हणाले, "मी सांगते ना."